सोळावा आठवडा भरेपर्यंत

भाद्रपदातल्या कुत्र्यांबद्दल मराठी माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. आपल्या भाषेत त्यावरून टोमणेच आहेत. पण तिथून पुढचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवडे. भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते. दिवाळीचे कंदील उतरले की पोळाच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीखाली, उभ्या हातगाडीच्या सावलीत पिल्लं दिसू लागतात ती त्यामुळेच. उत्तरायणाला सारं बडोदं गच्चीवर चढलेलं असतं, तेव्हा ही पिल्लं सहा ते दहा आठवड्यांची झालेली असतात. या वयात ती सगळ्यात गोंडस दिसतात. याच वयात मुलं ती उचलून घरी आणतात. आणि याच वयात ती पार्वोने मरतात.

मी इथेच, बडोद्यात पशुवैद्य आहे. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत माझ्या दवाखान्यातल्या सलाईनच्या स्टँडना उसंत नसते. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारी तुमच्यासारखी तरुण मंडळी मला हमखास एकच विचारतात, "ताई, कुठल्या जातीचं घेऊ? लॅब्रेडॉर की बीगल?" त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी देईन. कुठल्याही जातीचं घेतलंत, किंवा गल्लीतलंच उचललंत, तरी पहिले सोळा आठवडे सगळ्यांना सारखेच काढायचे असतात, आणि आज मला त्या सोळा आठवड्यांबद्दलच सांगायचं आहे.

पार्वो हा तसा नवा रोग आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. तुमच्या पणजोबांच्या वाड्यात कुत्री होती, त्यांना खरूज व्हायची, त्यांच्यातली काही पिसाळायची, पण पार्वो नव्हता. १९७८ च्या सुमारास हा विषाणू कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. कुत्र्यांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची काहीच तयारी नव्हती, त्यामुळे दोनेक वर्षांत तो जगभर पसरला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशातही आला. नाव लॅटिन आहे, पार्वस म्हणजे लहान. आकाराने लहान, एवढंच.

त्याची पद्धत अशी. शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात त्याच त्याला हव्या असतात. वाढत्या पिल्लात अशा पेशी मुख्यतः दोन ठिकाणी असतात, आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या आतल्या मगजात. अस्तर गेलं की अन्न-पाणी शोषलं जात नाही, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि आतड्यातले जंतू थेट रक्तात शिरतात. मगजावर हल्ला झाला की त्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार व्हायच्या थांबतात. म्हणजे घराचं दार मोडायचं आणि त्याच वेळी राखणदारही काढून घ्यायचा. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. पिल्लू आधी नुसतं मलूल होतं, खायला नको म्हणतं. मग पिवळी, फेसाळ उलटी. मग जुलाब, आणि त्याचा असा एक वास, की दवाखान्याच्या दारातून आत येणाऱ्याला मी कागद न बघता सांगू शकते. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. वेळेवर सलाईन, उलटी थांबवणारी औषधं आणि प्रतिजैविकं सुरू झाली तर बहुतेक वाचतात. विषाणूला मारणारं औषध यात कुठलंच नाही. पिल्लाचं शरीर स्वतः लढून उठेपर्यंत त्याला जगवायचं, एवढंच आम्ही करतो.

मागच्या हिवाळ्यात दांडिया बाजारच्या बाजूचं एक कुटुंब असंच पिल्लू घेऊन आलं. सातवीतला मुलगा, त्याची आई आणि आजी. आजी मला लहानपणापासून ओळखतात. पिल्लू नऊ आठवड्यांचं, आठवड्यापूर्वीच विकत आणलेलं, मुलाने त्याचं नाव सिंबा ठेवलेलं. त्याच्या गळ्यातला पट्टा इतका नवा होता की त्यावरची किमतीची चिठ्ठी निघाली नव्हती. विष्ठेची तपासणी केली, पार्वो निघाला. मुलगा काहीच बोलला नाही. आजींनी पिशवीतून लसीचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

"अगं, इंजेक्शन दिलेलं होतं ना! हे बघ, शिक्का आहे. पैसे घेतले त्याचे वेगळे. मग कसं झालं हे?"

विकणाऱ्याने पिल्लू पाच आठवड्यांचं असताना एक डोस टोचला होता आणि "लस झालेली आहे" असं सांगून ते विकलं होतं. तो खोटं बोलला नव्हता म्हणा. पण आजींच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि ते माहीत नसल्यामुळेच दर हिवाळ्यात कार्ड हातात असलेली पिल्लं मरतात. म्हणून ते जरा सावकाश सांगते.

आपल्याकडे गाय-म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस होतो. कुत्रीलाही चीक येतो. तिने आयुष्यात ज्या रोगांशी सामना केला किंवा ज्यांच्या लसी घेतल्या, त्यांची तयार प्रतिद्रव्यं त्या चिकात असतात, आणि जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लाच्या आतड्यातून ती थेट रक्तात जातात. ही आईची शिदोरी. पिल्लाने स्वतः कमावलेली नसल्यामुळे ती पुन्हा भरत नाही. साधारण दर नऊ-दहा दिवसांनी ती निम्मी होत जाते.

आता गंमत, खरं तर गंमत नाहीच, अशी आहे की ही प्रतिद्रव्यं लसीलाही शत्रूच समजतात. लसीत असतो तो विषाणूच, जिवंत पण दुबळा केलेला. पाच आठवड्यांच्या पिल्लाला तो टोचला की आईची शिदोरी त्याला तिथल्या तिथे निकामी करते. पिल्लाचं शरीर काहीच शिकत नाही. कार्डावर शिक्का बसतो, पैसे जातात, संरक्षण मिळत नाही. पुढे शिदोरी इतकी कमी होते की रस्त्यावरचा खरा विषाणू तिला अडवता येत नाही, पण लसीतल्या दुबळ्या विषाणूला निकामी करण्याइतकी ती अजून शिल्लक असते. या मधल्या काळात, तो आठवडा-दोन आठवड्यांचा असू शकतो, पिल्लाला आईचंही संरक्षण नाही आणि लसीचंही नाही.

हा काळ कुठल्या पिल्लात कधी येईल, हे बघून सांगता येत नाही. आईने भरपूर दिलं असेल तर उशिरा, कमी दिलं असेल तर लवकर. एकाच वेळी जन्मलेल्या सहा पिल्लांतही फरक असतो. ज्याने चीक जास्त प्यायला त्याचं गणित वेगळं. म्हणून एक डोस देऊन मोकळं होता येत नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिला, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. हे "बूस्टर" आहेत असं लोक म्हणतात, त्यातून समज असा होतो की पहिल्याने काम केलं आणि पुढचे वरकड. खरं काम यातला एखादाच डोस करणार असतो. कोणता ते माहीत नसतं, म्हणून सगळे द्यायचे. आणि त्यात शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण सोळाव्या आठवड्यानंतर आईची शिदोरी जवळपास कुठल्याच पिल्लात लसीला आडवी येण्याइतकी उरलेली नसते. माझ्या अनुभवात लोक नेमका हाच डोस चुकवतात. पिल्लू तोवर धष्टपुष्ट झालेलं असतं, मुलांच्या वार्षिक परीक्षा जवळ आलेल्या असतात, आणि "आता काय, मोठा झाला की तो" असं होतं.

त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या आत एक डोस. पुढे पार्वो आणि डिस्टेंपरसाठी तीन वर्षांनी एकदा पुरतो, असं लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना सांगते. रेबीजची लस वेगळी. ती तीन महिन्यांच्या सुमारास सुरू होते आणि आपल्याकडे दर वर्षी द्यायची, त्यात सूट नाही. मोठं झालेलं, पूर्वीचं काहीच माहीत नसलेलं कुत्रं दत्तक घेतलंत तर काम सोपं आहे. त्याच्यात आईची शिदोरी नसते, दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिले की झालं.

कार्ड बघताना शिक्क्याला भुलू नका. लसीच्या बाटलीवरचं छोटं लेबल कार्डावर चिकटवलेलं असायला हवं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते; शेजारी पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक. लस सतत दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. कुणी खिशातून बाटली काढून तुमच्या ओट्यावर बसून टोचत असेल तर ती मे महिन्यातल्या बडोद्यात कुठून कशी आली, हे विचारायला लाजू नका. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बंदी आहे. पाच आठवड्यांचं पिल्लू "आता दोन महिन्यांचं आहे" म्हणून गळ्यात मारलं जातं, तेव्हा त्याचे दात बघा. सहा आठवड्यांच्या सुमारास दुधाचे सगळे दात आलेले असतात. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील तर वय सांगितलं त्यापेक्षा कमी आहे.

सिंबा चौथ्या दिवशी गेला. पहिल्या दोन दिवसांत त्याने थोडी उभारी धरली होती, म्हणून त्या मुलाला ते जास्त लागलं. शाळा सुटली की तो थेट दवाखान्यात यायचा आणि पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून गृहपाठ करायचा. त्याच्या वडिलांनी दोन दिवसांनी फोन केला. मुलगा जेवत नाही, दुसरं पिल्लू बघून ठेवलंय, रविवारी आणू का? माझ्या कामातला सगळ्यात नावडता भाग हाच आहे. आत्ता आणू नका, असं त्यांना सांगावं लागलं.

कारण पार्वो जागा सोडत नाही. या विषाणूवर चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे आपली नेहमीची शस्त्रं त्याच्यापुढे बोथट ठरतात. फिनाईलने पुसलेल्या फरशीवर तो राहतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरने तो मरत नाही, साबणाने हात धुताना वाहून जातो एवढंच. घरात तो महिनोन्महिने टिकतो, सावलीतल्या ओलसर मातीत वर्षभरही. आजारी पिल्लाच्या चिमूटभर विष्ठेत तो अफाट संख्येने असतो आणि लक्षणं दिसण्याच्या आधीपासूनच बाहेर पडत असतो. तो चपलेच्या तळव्याला, सायकलच्या चाकाला, कामवाल्या मावशींच्या पायाला लागून येतो. म्हणून "आमचं पिल्लू तर कधी बाहेर गेलंच नाही" हे वाक्य मी फक्त ऐकून घेते.

त्याला मारणारी स्वस्त आणि खात्रीची गोष्ट म्हणजे ब्लीच, कपड्यांसाठी मिळतं ते साधं पातळ ब्लीच. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी विष्ठा-उलटी पूर्ण काढून साबणाच्या पाण्याने जागा धुवायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीवरच खर्च होतं. मग हे पाणी पसरून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ताटली, पिंजरा, फरशी, सगळं. गादी, पट्टा आणि चावून मऊ झालेली खेळणी टाकून द्यावीत. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरिन वायू माणसालाच दवाखान्यात पोहोचवतो. अंगणातल्या मातीला ब्लीच पुरत नाही, तिथे कडक ऊन जितकं मिळेल तितकं बरं. अशा घरात पुढचं कुत्रं आणायचं तर सगळे डोस पूर्ण झालेलं, चार-पाच महिन्यांच्या पुढचंच आणावं. माणसांना हा रोग होत नाही, ती काळजी नको. लहान मुलांना होणाऱ्या एका पुरळाच्या तापामागेही पार्वो नावाचा विषाणू असतो, पण तो वेगळा आणि माणसांचाच. मांजरांना मात्र कुत्र्यांच्या पार्वोचे आजचे प्रकार लागू शकतात.

ज्या लसीत पार्वो असतो तिच्यातच डिस्टेंपरही असतो, आणि हा दुसरा शत्रू बराच जुना आहे. देवीच्या लसीमुळे आपल्या पाठ्यपुस्तकात असलेल्या एडवर्ड जेन्नरने १८०९ साली या रोगाचं वर्णन लिहिलं होतं. माणसातली गोवर, गुरांमधली बुळकांडी आणि कुत्र्यांमधला डिस्टेंपर हे एकाच कुळातले विषाणू. बुळकांडी लसीकरणाने जगातून २०११ साली हद्दपार झाली. डिस्टेंपर आहे तिथेच आहे. डोळ्यांत चिपाड, नाकातून घट्ट शेंबूड, ताप, खोकला. काही आठवड्यांनी बरं वाटत असतानाच स्नायू फडफडू लागतात, झटके येतात, जबडा काहीतरी चघळल्यासारखा हलत राहतो. तो मेंदूपर्यंत पोहोचला की आमच्या हातात फारसं काही उरत नाही. हा विषाणू बाहेर फार टिकत नाही, साध्या साबणानेही जातो, पण शिंकेतून आणि श्वासातून झपाट्याने पसरतो.

तो फक्त कुत्र्यांपुरता राहत नाही, हे आपण गुजरातेत राहणाऱ्यांनी तरी विसरू नये. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह दगावले. सगळ्यांचं कारण एकच नव्हतं, पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला आणि उरलेल्या सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवावी लागली. त्याआधी १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीतल्या साधारण एक तृतीयांश सिंहांचा बळी याच विषाणूने घेतला होता. तिथे संशोधकांचं बोट भोवतालच्या वस्त्यांमधल्या लस न दिलेल्या कुत्र्यांकडे गेलं.

हे सगळं वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातील. पिल्लाला चार महिने खोलीत कोंडून ठेवायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही. तसं केलंत तर पार्वोपासून वाचलेलं पण प्रत्येक पाहुण्यावर, रिक्षावर आणि फटाक्यावर भुंकणारं, शेवटी कुणाला तरी चावणारं कुत्रं तुमच्या वाट्याला येईल. जगाची भीती वाटू नये हे शिकण्याचं पिल्लाचं वय तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं, म्हणजे दुर्दैवाने तेच. मी सांगते ते एवढंच, की पाय जमिनीला लागू देऊ नका, पण जग दाखवा. कडेवर घेऊन मंडईत जा, बँडची वरात दाखवा, सोसायटीतल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर बसवा. ज्याचं लसीकरण पूर्ण आहे अशा ओळखीच्या कुत्र्याशी घरात खेळू द्या. कमाटी बागेची हिरवळ आणि दवाखान्यातली फरशी, ही दोन ठिकाणं मात्र सोळावा आठवडा भरेपर्यंत वर्ज्य. हो, माझ्या दवाखान्यातलीसुद्धा. पिल्लू मांडीवर ठेवा, खाली सोडू नका, हे माझ्या दारावर मराठी आणि गुजराती दोन्हींत लिहिलेलं आहे, तरी रोज दोघांना सांगावंच लागतं.

उलटी-जुलाब सुरू झालेल्या पिल्लाला घरी हळद, दही-भात, माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या देत एक दिवस घालवू नका. त्या एका दिवसातच फरक पडतो. येण्याआधी फोन करा, म्हणजे इतर पिल्लांच्या रांगेत न बसवता वेगळ्या दाराने घेता येतं. लसीच्या सगळ्या डोसांचा खर्च काही हजारांच्या आत बसतो. पाच दिवसांच्या सलाईनचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं, आणि ते भरूनही हमी नसते.

राहिली गल्लीतली पिल्लं. पालिकेच्या मोहिमेत भटक्या कुत्र्यांची नसबंदी होते आणि रेबीजची लस दिली जाते. पार्वो-डिस्टेंपरची लस सहसा त्यात नसते. त्यामुळे तुमच्या घरातल्या लस घेतलेल्या कुत्र्याभोवती दर हिवाळ्यात नवा विषाणू पेरला जातोच. यावर तुमच्या वयाच्या लोकांनी काढलेला एक उपाय मला आवडला. एका सोसायटीतल्या पाच-सहा कॉलेजच्या मुलांनी गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे आणि थोडे स्वतःचे घालून गेटजवळच्या कुत्रीच्या चार पिल्लांना लस द्यायचं ठरवलं. मी डोस मूळ किमतीत दिले. खरी अडचण पैशांची नव्हतीच, तारखा पाळायची होती. पिल्लं तीन आठवडे एका जागी राहत नाहीत, एकसारखी दिसतात, आणि कुणाला दिलं कुणाला नाही हे विसरायला होतं. त्यांनी प्रत्येक पिल्लाचा फोटो, कानावरची खूण आणि तारीख फोनवर मांडून ठेवली आणि पाळी लावून घेतली. नोव्हेंबरच्या मध्यात जन्मलेल्या पिल्लांचा सोळावा आठवडा मार्चच्या सुरुवातीला, होळीच्या आगेमागे भरतो. त्या चारांपैकी एक गाडीखाली गेलं. उरलेल्या तिघांना शेवटचा डोस मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून दिला. दोन आता गेटवरच असतात, त्यांच्या आईची नसबंदी झाली आहे, आणि तिसरं, डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेलं, त्या सातवीतल्या मुलाकडे गेलं. नाव आजींनी ठेवलं, मोती.